कम्युनियनच्या रांगेत पुन्हा

वसईतल्या एखाद्या कॅथलिक मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं की गावात एक वाक्य हमखास फिरतं: ‘चर्चने तिला बाहेर काढलं.’ माझ्याबद्दलही फिरलं. माझ्या कानावर आलं तेव्हा मी ते खरं मानलं आणि त्या समजुतीतच कितीतरी वर्षं गेली. ते वाक्य खोटं आहे. मला कोणीही बाहेर काढलेलं नव्हतं. हे सगळं सविस्तर लिहिते आहे ते माझ्यासारख्याच समजुतीत दिवस काढणाऱ्या बायांसाठी, आणि पुरुषांसाठीही.

नेमकं काय अडलेलं होतं ते आधी सांगते. कॅथलिक माणसाचं लग्न ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, लेखी ग्राह्य ठरायचं तर ते साधारणपणे धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर व्हावं लागतं. जोडीदाराचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर त्यासाठी वेगळी सवलत घ्यावी लागते, तिला सगळे डिस्पेन्सेशनच म्हणतात. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तीस दिवस थांबलो, तीन साक्षीदार नेले, सह्या केल्या. सरकारदरबारी नवरा-बायको झालो, पण चर्चच्या वहीत मी बिनलग्नाचीच राहिले. अशा स्थितीत कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून उपासनेत दिली जाणारी भाकर, घेता येत नाही. मिस्सेला, म्हणजे त्या उपासनेला, मात्र येता येतं, प्रार्थना करता येते, मुलांना घेऊन येता येतं. माणूस कॅथलिकच राहतो. बहिष्कार ही फार वेगळी गोष्ट आहे. 1917च्या जुन्या धर्मसंहितेत काही प्रकारच्या लग्नांना बहिष्काराची शिक्षा होती. 1983च्या संहितेत ती उरलेली नाही. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ती अजून टिकून आहे, एवढंच.

हे मला फार उशिरा कळलं. लग्नाआधी मी एका धर्मगुरूंकडे गेले होते. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही. ‘आधी मुलाला बाप्तिस्मा घ्यायला सांग, मग बघू,’ एवढं म्हणून वाटेला लावलं. ते कोण, कुठले, याला आता महत्त्व नाही. पण त्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मी मनाशी ठरवलं की आता इथे परत यायचं नाही, आणि ते ठरवणं पुढे सवयीचं झालं.

लग्नानंतर ठाण्यात आलो. सासरी मला कशाचीही सक्ती झाली नाही. नाताळला सासूबाई स्वतः केक मागवायच्या. गळ्यातला क्रूस मी काढला नाही, गुड फ्रायडेला मटण-चिकन खाल्लं नाही, रात्री झोपताना आईने शिकवलेली प्रार्थना ओठांवर यायची. पण मिस्सेला फक्त लग्नं आणि मयतीच्या निमित्ताने. आणि तिथे एक क्षण मला नकोसा व्हायचा. कम्युनियनची वेळ झाली की बाकांवरची माणसं एकेक रांग करून निघतात. मी बसून राहायची. गुडघे एका बाजूला वळवून, पर्स मांडीवर ओढून, माझ्या बाकावरच्या माणसांना जायला वाट करून द्यायची. ती परत आली की पुन्हा तसंच. पप्पांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला आई रांगेतून परत आली, माझे वळवलेले गुडघे ओलांडून आत सरकली आणि डोकं खाली घालून प्रार्थनेला बसली. ती काही बोलली नाही. तिने मला कधीच काही बोलून दाखवलं नाही.

आई रोज दुपारी तीनला दैवी करुणेची जपमाळ म्हणते. वसईच्या घरी देवघराशेजारी येशूची ती तसबीर आहे, छातीतून निघालेले दोन किरण, एक तांबडा, एक फिकट. ही भक्ती पोलंडच्या सिस्टर फौस्तिना यांच्यापासून सुरू झाली. गरीब घरातली बाई, कॉन्व्हेंटात स्वयंपाक आणि बागेचं काम करायची, 1938 साली तेहतिसाव्या वर्षी वारली. मध्ये जवळजवळ वीस वर्षं, 1959 ते 1978, रोमने या भक्तीच्या प्रसारावर बंदीच घातली होती. 30 एप्रिल 2000 या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी फौस्तिनांना संत घोषित केलं आणि पास्कानंतरचा, म्हणजे ईस्टरनंतरचा, रविवार दैवी करुणेचा म्हणून ठरवून दिला. आईला हा इतिहास माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की प्रभू क्रूसावर मेला ती वेळ तीनची, आणि त्या वेळेला मागितलेली दया तो नाकारत नाही. ती कोणासाठी मागत होती हे मला पुढे कळलं.

2015च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी करुणेचं वर्ष सुरू केलं, 8 डिसेंबरपासून पुढच्या वर्षीच्या 20 नोव्हेंबरपर्यंत. जगभरच्या कॅथेड्रलांमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, त्या वर्षापुरतं एक दार ‘करुणेचं द्वार’ म्हणून उघडलं गेलं. पोप झाल्यावर पहिल्याच आठवड्यात फ्रान्सिस म्हणाले होते की क्षमा करून देव थकत नाही, मागून आपणच थकतो. ते मी तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. या वेळी आईचा फोन आला. भाजी, पाऊसपाणी, भावाच्या मुलांची शाळा असं नेहमीचं बोलून झालं आणि शेवटी ती म्हणाली, ‘बाय, यंदा पोपने सगळ्यांनाच बोलावलंय म्हणे. तू एकदा विचारून तरी बघ.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या विषयावर बोलली होती.

10 फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता, कपाळाला राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस. मी ऑफिसातून थेट आमच्या जवळच्या चर्चमध्ये गेले. राख कोणालाही घेता येते, त्यासाठी कोणी कागद मागत नाही. मिस्सा संपल्यावर फादर दारात उभे होते. वयस्कर, बारीक चणीचे. मी जाऊन सांगितलं, ‘फादर, माझं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही. मला परत यायचं असेल तर काय करावं लागेल?’ एका दमात बोलले, कारण मध्ये थांबले असते तर तशीच निघून गेले असते. ते म्हणाले, ‘आलीस की. आता आत बसून बोलू.’ आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

त्या बैठकीत त्यांनी मला फारसे प्रश्न विचारले नाहीत. लग्न कधी झालं, नवऱ्याचं आधी लग्न झालं होतं का, माझं झालं होतं का, मुलं किती. दोघांचंही हे पहिलंच लग्न म्हटल्यावर ते म्हणाले, मग काम सोपं आहे. आधीचं लग्न आणि घटस्फोट असेल तर प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायालयात जातं, तिथे वेळ लागतो. आमच्यासाठी दोन मार्ग होते. एक, चर्चमध्ये साध्या पद्धतीने पुन्हा संमती देऊन लग्न लावणं. दुसरा मार्ग त्यांनी त्या दिवशी नुसता उल्लेखून ठेवला. मी विचारलं, ‘तोपर्यंत मी काय करू?’ ते म्हणाले, ‘दर रविवारी ये. मागे बसू नकोस, पुढे बस.’

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याला माझं चर्चमध्ये जाणं खटकत नव्हतं, उलट त्यालाच कधी कधी वाटायचं की आपल्यामुळे हिचं सुटलं. पण पुन्हा लग्न लावायचं म्हटल्यावर तो गप्प झाला. जेवणं आटोपल्यावर म्हणाला, ‘आपलं लग्न झालंय. मी ते खोटं होतं असं कोणासमोर उभा राहून कबूल करणार नाही.’ मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. क्षमा मागायला निघाले होते खरी, पण या माणसाशी लग्न केल्याची क्षमा मागायची असेल तर ते माझ्याच्याने होणार नव्हतं. आजारपणात, पप्पा गेले तेव्हा, नोकरी सुटली तेव्हा हाच माझ्याजवळ होता. त्याच्याबद्दल पश्चात्ताप कुठून आणायचा? कित्येक दिवस मी याच विचारात होते. शेवटी फादरांना जशाच्या तसं सांगितलं. मनात धाकधूक होती की इथेच सगळं संपणार.

फादर म्हणाले, ‘नवऱ्यावर प्रेम केलंस, संसार नीट केलास, याची क्षमा मागायला तुला कोण सांगतंय? त्याच्याबद्दल देवाचे आभार मान. तू देवाकडे पाठ फिरवलीस, तेवढंच बोल. बाकीचं मी तुझ्या नवऱ्याशी बोलतो.’

आणि ते खरोखर घरी आले. चहा घेतला, माझ्या लेकीच्या शाळेची चौकशी केली. मग नवऱ्याला विचारलं, ‘त्या दिवशी रजिस्ट्रारसमोर तुम्ही जो शब्द दिलात तो मनापासून होता?’

‘होता.’

‘जन्मभरासाठी?’

‘अर्थात.’

‘आजही तसाच आहे?’

‘आहे म्हणजे काय फादर! हा काय प्रश्न झाला?’

‘मग मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. पुन्हा काही म्हणायला लागणार नाही.’

तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग उलगडून सांगितला. लॅटिनमध्ये त्याला ‘सानातिओ इन रादिचे’ म्हणतात. दोघांनी दिलेली संमती खरी होती आणि ती अजून टिकून आहे, उणीव होती ती चर्चच्या विधीची आणि परवानगीची. बिशप ती उणीव माफ करतात आणि लग्न, नव्याने संमती न देता, ग्राह्य होतं. त्याचे परिणाम मागे, लग्नाच्या दिवसापर्यंत लागू होतात. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे त्या दिवसाला धक्का लागत नाही.’ फादर म्हणाले, ‘तो दिवसच तर धरून ठेवायचा आहे.’

करुणा म्हणजे काय याच्यावर मी पुढे बरीच प्रवचनं ऐकली. पण धर्मसंहितेच्या एका रुक्ष कलमात इतकी माया असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

एक अट होती आणि ती लपवून ठेवण्यासारखी नाही. कॅथलिक बाजूला लेखी वचन द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सांभाळेन आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, त्यांना कॅथलिक श्रद्धेत वाढवावं यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करेन. दुसऱ्या बाजूला सही करून असं वचन द्यावं लागत नाही, पण ते दिलं गेलं आहे याची त्याला कल्पना असावी लागते. आमची लेक तेव्हा आठवीत होती. नवऱ्याने सरळ विचारलं, ‘तिच्यावर जबरदस्ती होणार का?’ फादर म्हणाले, सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही, हा नियमच आहे. आईने आपली श्रद्धा तिच्यासमोर जगायची, सांगायची, सोबत न्यायचं. पुढचं तिचं आणि देवाचं. यावर आमच्या घरात पुढेही बोलणं झालं, एकदा आवाजही चढले. पण मी ते वचन लिहून दिलं, आणि जे लिहिलं ते मला मनापासून लिहायचं होतं.

मग कागद. बाप्तिस्म्याचा दाखला नवा लागतो, सहा महिन्यांच्या आतला. जुना घरात असला तरी चालत नाही. त्यासाठी मी घोडबंदर रस्त्याने वसईला माझ्या मूळ धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, गेले. ऑफिसातल्या बाईंनी लोखंडी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा वसई मुंबई महाधर्मप्रांतात होती, वेगळा धर्मप्रांत 1998 साली झाला. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडल्यासारख्या. त्यांनी बोट फिरवत माझी ओळ शोधली. नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता. शेजारी समासात दृढीकरणाची, म्हणजे कन्फर्मेशनची, नोंद, वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात. त्याखाली मोकळी जागा. वरच्या आणि खालच्या ओळींतल्या माझ्या बरोबरीच्या मुलींच्या समासात लग्नांच्या नोंदी होत्या, कोणाच्या रमेदीच्या, कोणाच्या बोरिवलीच्या. नवा दाखला का मागतात ते मला तिथे कळलं. माणूस कुठेही गेला, काहीही झालं, तरी त्याची नोंद फिरून या एका ओळीपाशी येते. माझी ओळ कोणी खोडलेली नव्हती. मी तिच्यावर हात ठेवला तेव्हा बाईंनी चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सावकाश बघा.’

बाकीचं पटापट झालं. विवाह नोंदणीचा दाखला, आम्ही दोघंही लग्नाआधी बंधनात नव्हतो हे सांगणाऱ्या साक्षीदारांच्या सह्या, माझ्या बाजूने मामा आणि भाऊ, नवऱ्याच्या बाजूने त्याचा कॉलेजातला मित्र. फादरांची प्रश्नावली. माझा अर्ज. सगळं बिशप हाऊसला गेलं आणि वाट पाहणं सुरू झालं.

त्या काळातच मला खरं काही मिळालं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. 6 मार्चला, उपवासकाळातल्या चौथ्या रविवारी, मिस्सेतलं शुभवर्तमानाचं वाचन होतं बायबलमधल्या लूकच्या पंधराव्या अध्यायातलं, आपल्या वाट्याची संपत्ती उडवून बापाकडे परतणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला. लहानपणापासून शंभरदा ऐकलेला. फादरांनी प्रवचनात एक गोष्ट दाखवली जी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. तो मुलगा डुकरं राखताना वडिलांपुढे काय बोलायचं ते पाठ करून निघतो. त्यात तीन भाग असतात: मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पहिले दोन भाग बोलतो. तिसरा त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप तोपर्यंत झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून नोकरांना सांगायला लागलेला असतो. आणि त्याआधी, मुलगा अजून लांबवर असतानाच, बाप त्याला पाहून धावलेला असतो.

मीही पाठ केलेलं भाषण घेऊनच आले होते. मला मागच्या बाकावर बसू द्या, कम्युनियन नाही दिलं तरी चालेल, फक्त येऊ द्या. मजुरासारखं ठेवा, हेच ते. ‘पुढे बस’ असं फादर पहिल्याच दिवशी का म्हणाले होते ते मला त्या रविवारी उमगलं.

तरीही मनात एक टोचणी राहिली होती, ती मी फादरांना बोलून दाखवली: जी माणसं दर रविवारी नेमाने आली, ज्यांनी काही सोडलं नाही, त्यांच्यावर हा अन्याय नाही का? त्यांनी मला तिसऱ्या शतकातली हकीकत सांगितली. इसवी सन 250च्या सुमाराला रोमन सम्राट डेसिअसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा. कित्येक ख्रिस्ती लोकांनी छळाला भिऊन यज्ञ केला, काहींनी यज्ञ न करता पैसे देऊन दाखला मिळवला. असे पपायरसवरचे काही दाखले इजिप्तमध्ये सापडलेही आहेत. छळ थांबल्यावर ही माणसं परत आली आणि ख्रिस्तसभेत मोठा वाद झाला. रोममध्ये नोव्हाशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना परत घेता येणार नाही. ज्यांच्या घरातली माणसं तुरुंगात मेली होती त्यांना ते किती पटलं असेल! पण कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि पोप कॉर्नेलियस यांनी ठरवलं की प्रायश्चित्त करून यांना परत येता आलं पाहिजे. पुढे 325च्या नायसियाच्या बिशपांच्या परिषदेने नियम घातला की मरणाच्या दारातल्या पश्चात्तापी माणसाला शेवटचं कम्युनियन नाकारू नये. फादर म्हणाले, ‘पेत्राने तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूची ओळख नाकारली होती. त्याला काढून टाकलं असतं तर पहिला पोप कुठून मिळाला असता?’

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत नेमाने घरी राहिलेल्या मोठ्या भावाचा राग आहेच. त्याला बाप झिडकारत नाही, त्याच्यासाठीही तो उठून अंगणात येतो. आमच्या बाकावर बसणाऱ्या एका मावशींच्या चेहऱ्यावर मला तो राग दिसायचा, आणि मी त्यांच्यावर रागवू शकले नाही.

पास्का गेला, एप्रिलमध्ये पोपचं कुटुंबाविषयीचं ‘अमोरिस लेतित्सिया’ हे पत्र आलं, त्यावर चर्चमध्ये चर्चा झाल्या, पाऊस सुरू झाला. गणपतीच्या आधी फादरांचा फोन आला, ‘बिशप हाऊसहून कागद आला. सही ज्या तारखेची आहे त्या तारखेपासून लग्न पूर्ण झालं.’ मी नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘बघ, मी सांगत होतो ना, झालंय म्हणून.’ संध्याकाळी येताना मोगऱ्याचा गजरा घेऊन आला.

2016चे गणपती 5 सप्टेंबरला बसले. आमच्या घरी पाच दिवसांचे असतात. मोदक वळणं, पाहुण्यांची ऊठबस मी इतकी वर्षं केली होती, तशीच केली. फादरांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. शुक्रवारी विसर्जन झालं आणि शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनाला गेले.

जाळीची लाकडी चौकट होती, पण फादर म्हणाले समोरासमोर बसलीस तरी चालेल. मी जाळीमागेच गुडघे टेकले. सुरुवात कशी करायची तेच आठवेना. ‘नुसती क्रूसाची खूण कर आणि बोल,’ ते म्हणाले. तिथे काय बोलले ते तिथलंच. धर्मगुरूला तर ते जिवावर बेतलं तरी कोणाला सांगता येत नाही. एकच सांगते, कारण त्याचा या हकीकतीशी संबंध आहे. मला वाटेला लावणाऱ्या त्या जुन्या धर्मगुरूंबद्दल मी बोलले. त्यांचा राग मी इतकी वर्षं जपला होता आणि देवापासून लांब राहायला तो मला सोयीचाही झाला होता. फादरांनी त्यांची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. ‘आपल्या पित्याच्या प्रार्थनेत एक ओळ आहे, ती रोज म्हणतेस ना?’ एवढंच विचारलं. जसे आम्ही आपल्या अपराध्यांना क्षमा करतो, ती ओळ. मग त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं: त्या धर्मगुरूंसाठी एक मिस्सा ठेव, आणि 103वं स्तोत्र आईला वाचून दाखव. पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके आपले अपराध देवाने दूर केले असं म्हणणारं ते स्तोत्र आहे.

मग हात वर करून त्यांनी क्षमाविधीचे शब्द म्हटले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला तुझ्या पापांची क्षमा करतो. मी खूप रडेन असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. खांदे सैल झाले, आणि बाहेर आल्यावर कळलं की मला कडकडून भूक लागली आहे.

दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबरच्या रविवारी, आई वसईहून भावाबरोबर आली. त्या दिवशीचं शुभवर्तमान पुन्हा लूकचा पंधरावा अध्याय होता. त्या वर्षीच्या उपासनाचक्रात तो दोनदा येतो हे मला माहीत नव्हतं. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं, हरवलेला मुलगा. फादरांनी सगळाच वाचला. कम्युनियनची वेळ झाली तेव्हा आमच्या बाकावर कडेला नवरा आणि लेक बसले होते. त्यांनी गुडघे एका बाजूला वळवले आणि मला वाट करून दिली. आई माझ्या पुढे होती. तिने घेतलं, बाजूला झाली, पण जागेवर गेली नाही. दोन पावलांवर थांबून राहिली. फादरांनी ओस्ती, म्हणजे ती पातळ भाकर, वर धरून म्हटलं, ‘ख्रिस्ताचं शरीर.’ मी ‘आमेन’ म्हटलं ते आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

स्तोत्र मी तिला त्याच दुपारी वाचून दाखवलं. तीन वाजले तशी तिने जपमाळ काढली आणि मीही बरोबर म्हटली. करुणेचं वर्ष संपायच्या आत, ऑक्टोबरात, आम्ही दोघी वसईतल्या पापडीच्या कॅथेड्रलला जाऊन आलो. त्या सुमारास माझ्या मूळ धर्मग्रामात लग्नाची कळवणी पोचली होती. समासात नोंद झाली की नाही ते बघून ये, असं मी भावाला सांगितलं. त्याने फोटो पाठवला.

लेकीचा बाप्तिस्मा झालेला नाही. ती आता मोठी आहे, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला येते, कधी मधल्या रविवारीही येते, प्रश्न विचारते, काही उत्तरं तिला पटतात, काही पटत नाहीत. मी दिलेलं वचन संपलेलं नाही आणि मी ते तिच्यावर लादतही नाही. मी तिच्यासाठी तीनची जपमाळ म्हणते, आईने माझ्यासाठी म्हटली तशी. ते तिलाही माहीत आहे. मी आईसारखी गप्प राहिले नाही.

अधूनमधून कोणीतरी कोणाकडून तरी माझा नंबर घेऊन फोन करतं. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मला आत घेतील का?’ मी त्यांना सांगते, तुम्ही आतच आहात. मग कामाचं बोलते. तुम्ही आता जिथे राहता तिथल्या चर्चमध्ये जा, माहेरच्या नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला बरोबर न्या. बाप्तिस्म्याचा दाखला काढायची घाई करू नका, सहा महिन्यांत तो जुना होतो. नवरा परत लग्न लावायला तयार नसेल तर भांडू नका, दुसरा मार्ग आहे म्हणून फादरांना विचारा. आधीचं लग्न मोडलेलं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. आणि एका धर्मगुरूंनी नीट ऐकलं नाही तर दुसऱ्यांकडे जा, पण घरी बसू नका. मागच्या महिन्यात विरारच्या एका बाईंचे कागद बिशप हाऊसला गेले. त्यांच्या नवऱ्याचंही म्हणणं तेच होतं, आमचं लग्न झालेलं आहे.